पीयूसीआधी गाडी तापवण्याबाबत

जबाब
दिनांक १५ डिसेंबर २०२४, रविवार

माझे नाव सूरज शिवराम गुडेकर, वय २४ वर्षे, धंदा नोकरी (वागळे इस्टेट, ठाणे येथील एका कारखान्यात गॅस्केट कापण्याचे काम), शिक्षण दहावी पास, आयटीआय मोटार मेकॅनिक पहिले वर्ष, पुढे सोडले. राहणार केणे चाळ, आंबिवली, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे. मूळ गाव तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः होऊन हजर झालो आहे. मला कोणी बोलावले नव्हते. हवालदार देवयानी मॅडम यांच्या समोर बसून, विचारतील त्याचे आणि न विचारलेलेही, खरे तेच सांगतो ते असे की,

मी वरील पत्त्यावर सहा वर्षांपासून भाड्याने राहतो. चाळीचे मालक धाकू पदू केणे, वय अंदाजे ७२ वर्षे, यांना मी आबा म्हणतो. ते आंबिवलीचे मूळचे राहणारे आहेत. त्यांच्या घरात ते, त्यांची पत्नी सगुणा आजी, मुलगा हर्षितदादा आणि त्यांचे कुटुंब असे राहतात. आबा काल दुपारपासून कल्याणच्या एका खाजगी दवाखान्यात अतिदक्षता विभागात आहेत. ते शुद्धीवर नाहीत. त्यांनी घरातल्या भांडणावरून जिवाचे बरेवाईट करण्यासाठी शटर लावून गाडी चालू ठेवली आणि आत बसून राहिले, असे गावात आणि शेजारच्या टॉवरमध्ये बोलले जात आहे. काल पोलिसांनाही कोणीतरी तसेच सांगितले आहे असे मला समजले. ते तसे नाही. ते कसे आहे हे सांगण्यासाठी मी आलो आहे.

आबांकडे सन १९९९ची पांढरी ओम्नी गाडी आहे. ही गाडी त्यांनी स्वतःच्या शेतातली भाजी विकून घेतलेली आहे. घर, चाळ आणि हर्षितदादांची मोठी गाडी हे सर्व जमिनीच्या पैशातले आहे, ओम्नी नाही. आबा हे नेहमी सांगतात. आमच्या चाळीत कोणी नवीन भाडेकरू आला की त्याला पहिल्या आठवड्यात हे ऐकावे लागते. गाडीची नोंदणी नूतनीकरणाला आली होती. त्यासाठी उद्या सोमवारची आरटीओची तारीख मिळालेली आहे. तिथे पीयूसी सर्टिफिकेट लागते, म्हणजे गाडीचा धूर मर्यादेत आहे असा दाखला.

मी मेकॅनिक नाही. पण इंजिनचे काम मला आवडते आणि थोडे येते, म्हणून आबांनी मला सांगितले. मी मंगळवारी सकाळी कामावर जाण्याआधी गाडी शहाडच्या बाजूच्या पेट्रोल पंपाजवळ उभ्या असणाऱ्या पीयूसीच्या व्हॅनवर नेली. आबा बाजूला बसले होते. त्या वेळी गाडीचा दाखला संपलेला होता आणि ती रस्त्यावर आणायला नको होती, हे मला माहीत आहे. त्याबाबत जो दंड होईल तो मी भरीन. तिथे मशीनवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चारच्या वर आला. तो तीनच्या आत हवा असतो. व्हॅनवाला म्हणाला, "थंडी गाडी घेऊन आलात ना? चांगली तापवून आणा. टेंपरेचरचा काटा मध्ये आला पाहिजे, आणि इथे येईपर्यंत बंद नाय करायची." मग तो हळू आवाजात म्हणाला की गाडी कशाला आणता, नंबर प्लेटचा फोटो आणा, काम होऊन जाईल. आबा त्याला म्हणाले, "फोटूला धूर नाय येत. मना गारीचा पायजे." त्यांच्या बोलीत गाडीला गारी म्हणतात. आम्ही परत आलो.

गाडी थंड असताना पेट्रोल नीट जळत नाही आणि धुराचा आकडा वर जातो, म्हणून पीयूसीआधी गाडी तापवतात. जुन्या गाड्यांना सगळेच असे करतात. एरवी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणतात. आम्हाला ती रस्त्यावर फिरवता येत नव्हती, म्हणून उभी ठेवूनच तापवायची असे ठरले. हे मी ठरवले.

बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार मी कामावरून आल्यावर गाडीचे काम केले. इंजिन ऑईल बदलले. एअर फिल्टर नवीन टाकला. प्लग घासून त्यांची फट मोजून लावली. कार्बोरेटर उघडून साफ केला. टाकीतले जुने पेट्रोल काढून नवीन भरले. सायलेन्सरच्या जोडातून धूर फुटत होता, तिथे लावायला मी आमच्या कारखान्यात उरलेल्या शीटमधून गॅस्केट कापून आणले, मालकांना विचारून. प्रत्येक काम झाले की मी ते पुन्हा तपासत होतो. आबा म्हणाले, "तू मास्तर व्हायला पायजे व्हतास. पोरांना एकच गणित धा वेला सोडवायला लावला असता." आजी ओट्यावरून म्हणाल्या, "त्याला हसू नका, तुमी तं एक वेलाबी नाय सोडवला." हे मी सांगतो आहे कारण घरातले वातावरण कसे होते ते विचारण्यात आले.

गाडी ठेवतात तो गाळा पूर्वी पेंढा ठेवण्याचा होता. त्याला हर्षितदादांनी शटर बसवून दिले आहे. मागच्या बाजूला एक झरोका आहे, पण त्याला लागूनच टॉवरच्या कंपाउंडची भिंत आली आहे, त्यामुळे तिथून हवा येत नाही. टॉवर आबांच्याच विकलेल्या जमिनीवर आहे.

शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी चालू करून पाहिली तेव्हा सुरुवातीला बराच धूर आला. टॉवरचे सेक्रेटरी सुधीर खांबेटे साहेब खाली आले. ते म्हणाले, "केणे, हे शेवटचं सांगतो. माझ्या घरात दम्याचं माणूस आहे. पुन्हा असा धूर आला तर मला पोलिसांना फोन करावा लागेल." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आबा म्हणाले, "साहेब, तुमची बाल्कनी हाय ना, तितं माजी वांगी व्हती. वांग्यांनी कदी तक्रार नाय केली." खांबेटे साहेबांना हसू आले, पण ते म्हणाले की मी गंभीरपणे सांगतोय.

त्याच वेळी हर्षितदादा घरी आले. त्यांना त्या गाळ्यात त्यांची गाडी लावायची आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. ते म्हणाले, "बाबा, किती तमाशा करणार? ही गाडी भंगार आहे, आणि तिच्या मागे लागणारेही भंगार." मी पाना हातात घेऊन खाली बघत होतो. आबा म्हणाले, "पास झाली तं?" हर्षितदादा म्हणाले, "पास झाली तर पाच वर्षं मी एक शब्द बोलणार नाय. नाय झाली तर सोमवारी भंगारवाला बोलावणार. आणि फोटोवरचं सर्टिफिकेट चालणार नाय, खरं पास व्हायला पाहिजे." आबा म्हणाले, "कबूल. पण हिला न्याल तं मनाबी हिच्यातच बसवून न्या. एकाच काट्यावं वजन करा."

हे वाक्य आबा बोलले हे खरे आहे. खांबेटे साहेबांनी ते ऐकले हेही खरे आहे. पण बोलताना आबा हसत होते. हर्षितदादाही हसले आणि म्हणाले, "तुमचं वजन जास्त भरेल, गाडीला गंज लागलाय." खांबेटे साहेब तोपर्यंत जिन्याकडे वळले होते. पुढचे त्यांनी ऐकले नसावे, असा माझा अंदाज आहे. अंदाज आहे एवढेच लिहावे.

शनिवारी माझी अर्धी पाळी होती. मी दोन वाजेपर्यंत सुटून चार वाजायच्या आत आंबिवलीला पोचणार, गाडी चालवत व्हॅनवर नेणार, असे ठरले होते. व्हॅन सहापर्यंत असते आणि रविवारी नसते. म्हणजे शनिवारी झाले नसते तर झालेच नसते. आबांचे लायसन्स संपलेले आहे, त्यामुळे चालवायचे मीच. गाडी कशी तापवायची ते मी आबांना शुक्रवारी दाखवले होते. चोक बाहेर ओढून चालू करायची, इंजिन लागले की चोक पूर्ण आत ढकलायचा, काटा वर येऊ द्यायचा. चोक बाहेर राहिला तर पेट्रोल जास्त जाते आणि गाडी नापास होते. हे मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

शनिवारी दुपारी मी कारखान्यात असताना मला आबांचा फोन आला. पावणेदोन वाजले असतील. मोबाईलमध्ये वेळ आहे, मी मोबाईल दाखवण्यास तयार आहे. बोलणे झाले ते असे.

आबा म्हणाले, "सूरज, काटा मधी आला रं. बेगीन ये."

मी म्हणालो, "आबा, एवढ्या लवकर कशाला चालू केलीत? बरं, आता बंद करू नका. बंद केली की परत थंड पडेल. मी निघतोच आहे."

आबा म्हणाले, "तो टॉवरचा साहेब गॅलरीत उभा हाय. काल बोलला ना, पोलिसांना फोन करीन. आपली पास व्हायच्या आदी त्यो गारी ठाण्यात लावंल."

मी म्हणालो, "मग मी येईपर्यंत शटर खाली ओढून घ्या."

आबा म्हणाले, "बरा."

मग फोन बंद झाला.

बंद जागेत इंजिन चालू ठेवायचे नाही हे मला माहीत होते. आयटीआयमध्ये पहिल्याच महिन्यात ते शिकवले होते आणि वर्कशॉपच्या भिंतीवर तसा बोर्डही होता. फोनवर बोलताना ते माझ्या डोक्यात आले नाही. माझ्या डोक्यात काटा होता, आणि खांबेटे साहेबांनी फोन केला तर काय, हे होते. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असते. तेही मला माहीत होते.

मी लगेच निघू शकलो नाही. कापायच्या मशीनमध्ये शीट अडकली आणि मालक म्हणाले की सोडवून जा. त्यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात आबांना फोन करून गाडी बंद करा असे मला सांगता आले असते. मी सांगितले नाही, कारण गाडी थंड पडली असती. नंतर ठाणे स्टेशनवरून आणि पुन्हा कल्याण गेल्यावर मी फोन केला. दोन्ही वेळा तो उचलला गेला नाही. मला वाटले इंजिनच्या आवाजात त्यांना ऐकू जात नसेल.

मी घरी पोचलो तेव्हा आजी ओट्यावर सुपात वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी विचारले, आबा कुठे? त्या म्हणाल्या, "आत हाय म्हातारा. बायको सोरून गारीशी बोलतं. मना म्हनला, जेवायला पास होऊन येईन." शटर पूर्ण खाली होते. आतून इंजिनचा आवाज येत होता. आवाज एकसारखा होता, अडखळत नव्हता. मला पहिल्यांदा बरे वाटले. हे मी लपवत नाही. ते एक क्षणभर होते.

मग शटरच्या खालच्या फटीतून वास आला आणि मी शटर उचलले. शटरला कुलूप नव्हते आणि आतून कडीही लावलेली नव्हती. हे कृपया ठळक लिहावे. आबा ड्रायव्हरच्या सीटवर होते आणि डावीकडे कलले होते. मी आधी चावी फिरवून गाडी बंद केली, मग त्यांना ओढले. मला एकट्याला ते निघेनात. मी ओरडलो तेव्हा हर्षितदादा घरातून धावत आले आणि आम्ही दोघांनी त्यांना बाहेर अंगणात आणले. त्यांचा श्वास चालू होता, फार हळू. चेहरा लालसर होता. आजी उभ्या राहिल्या आणि सूप ओट्यावरून खाली पडले. हर्षितदादांनी त्यांची गाडी काढली आणि आम्ही आबांना कल्याणला नेले. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी धुराने झाले एवढे सांगितले.

काल पोलिसांनी पाहिले त्याआधी गाळ्यातल्या कशालाही मी चावीशिवाय हात लावलेला नाही. चोक पूर्ण आत होता. आबांच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा होता आणि पायांत वहाणांऐवजी बूट होते. बूट ते फक्त लग्नाला आणि आरटीओत जाताना घालतात. आरसीबुक आणि विम्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बाजूच्या सीटवर होती. ती सीट आबांची होती, चालवणार मी होतो. पण आबा मी येईपर्यंत ड्रायव्हरच्या सीटवर बसणार होते आणि मग बाजूला सरकणार होते. यावरून जे समजायचे ते पोलिसांनी समजावे. ज्याला मरायचे आहे तो माणूस चोक आत ढकलत नाही, असे मला वाटते. नुसते मला वाटणे हा पुरावा नाही, हे मला समजते.

रात्री दवाखान्यात गावातली बरीच माणसे आली होती. कोणीतरी हर्षितदादांच्या तोंडावर म्हणाले, "बापाला भंगार म्हणालास, बघ आता." नंतर दादा पाण्याच्या टाकीपाशी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. ते म्हणाले, "सूरज, तू होतास ना रे तिथं? मी गमतीत बोललो. गमतीतच बोललो ना मी?"

मी म्हणालो, "हो दादा, गमतीतच बोललात."

ते म्हणाले, "मग त्यांनी शटर का लावलं?"

मी पाणी प्यायलो. दादा मग आजींकडे गेले. शटर का लावले हे मला त्या वेळी माहीत होते. का सांगितले नाही असे विचारल्यावरून सांगतो की, मला भीती वाटली. भीती कशाची असे विचारल्यावरून सांगतो की, आबा गेले तर ते माझ्यामुळे गेले असे होईल याची, पोलिसांची, आणि आजी माझ्याकडे बघतील याची.

आज सकाळी मी चाळीच्या नळावर असताना दोन बायका बोलत होत्या की म्हाताऱ्याने पोराला शिक्षा दिली. मग मी इकडे आलो.

आबांबद्दल माझी किंवा माझ्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. हर्षितदादांशीही माझे वाकडे नाही. खांबेटे साहेबांबद्दलही माझी काही तक्रार नाही, त्यांनी फोन करीन म्हटले होते, केला नव्हता. आबा शुद्धीवर आले तर ते काय सांगतील हे मी सांगू शकत नाही. बहुतेक ते मला वाचवायला वेगळे काहीतरी सांगतील. तसे सांगितले तर ते खरे धरू नये.

हा जबाब संगणकावर लिहून झाल्यावर मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. पहिल्या वाचनात फोनवरच्या बोलण्यातले "मग मी येईपर्यंत शटर खाली ओढून घ्या" हे माझे वाक्य, मी सांगितले असूनही, आलेले नव्हते. हे वाक्य घेतल्याने माझ्यावर निष्काळजीपणाचा ठपका येऊ शकतो, आणि ते सांगायलाच पाहिजे असे बंधन आज माझ्यावर नाही, हे देवयानी मॅडमनी मला सावकाश समजावून सांगितले. मला ते समजले. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन विचार करून आलो. ते वाक्य नसेल तर शटर आबांनी आपल्या मनाने लावले असा अर्थ निघतो, म्हणून ते माझ्या सांगण्यावरून जिथे मी बोललो होतो तिथेच घालण्यात आले. त्यानंतर पूर्ण जबाब पुन्हा वाचून दाखवला. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे आणि बरोबर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नव्हता.

हर्षित धाकू केणे हे पोलीस ठाण्याच्या बाहेर बाकावर बसलेले आहेत, त्यांनाही जबाबासाठी बोलावलेले आहे. त्यांचा जबाब घेण्याआधी माझा हा जबाब त्यांना वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे. तसे करता येते की नाही हे मला माहीत नाही. करता येत नसेल तर मी स्वतः बाहेर जाऊन त्यांना सांगतो.

सही
सूरज शिवराम गुडेकर